दुपारी लागणारा मॉनिटर

माझ्या दुकानातल्या वरच्या फळीवर एक सतरा इंची मॉनिटर साडेतीन वर्षं पडून होता. मेलेला म्हणून. तो मेला हे मीच ठरवलं होतं. २०१० च्या डिसेंबरात त्याच्या मालकिणीला मी तसं सांगितलं, आणि २०१४ च्या मे महिन्यात तोच मॉनिटर माझ्या डोळ्यांसमोर लागला. त्याची ही हकीकत.

सोलापुरात विजापूर वेशीच्या बाजूला एका जिन्याखाली माझं दुकान आहे. वर पत्रा, समोर गटार, आत जेमतेम दोन माणसं बसतील एवढी जागा. मूळ दुकान चाचांचं. १९९२ साली दहावी झालो आणि त्यांच्या हाताखाली बसलो. तेव्हा रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही दुरुस्तीला यायचे. रेडिओतून भुंग्यासारखा घूं असा आवाज यायला लागला, की चाचा सेट न उघडताच म्हणायचे, "फिल्टर कंडेन्सर." आमच्या धंद्यात कपॅसिटर कुणी म्हणत नाही, कंडेन्सरच म्हणतात. मीही इथे तसंच लिहितो. मग ते मागचं झाकण काढून जुन्या कंडेन्सरच्या दोन टोकांना एक चांगला कंडेन्सर नुसता टेकवायचे. भुंगा थांबला की निदान पक्कं.

सेट उघडायच्या आधी मात्र त्यांचं विचारणं चालायचं. आवाज कधीपासून येतो? सेट तापला की वाढतो का कमी होतो? घरात लाइट गेली-आली होती का? गिऱ्हाईक कंटाळायचं, आम्हा पोरांनाही कंटाळा यायचा. मला ते म्हणायचे, "पहले पूछ, बाद में खोल." मी हौ म्हणायचो आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर फिरवत राहायचो.

चाचांनी दुसरी गोष्ट शिकवली ती भीतीची. टीव्हीच्या किंवा मॉनिटरच्या सप्लायमध्ये एक मोठा कंडेन्सर असतो, अंगठ्याएवढा जाड. घरातला २३० व्होल्टचा प्रवाह डायोडमधून जाऊन त्याच्यात साठतो तेव्हा तो सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास होतो. पिन काढली, दिवा विझला, तरी तो कंडेन्सर काही वेळ भरलेला राहू शकतो. एकदा मी पिन काढून लगेच बोर्ड हातात घेतला आणि मागच्या भिंतीवर जाऊन आदळलो. चाचांनी चहा पाजला आणि मग एक साठ वॅटचा बल्ब दाखवला. होल्डरला दोन वायरी लावलेला. त्या वायरी कंडेन्सरच्या पायांना लावायच्या. बल्ब क्षणभर उजळतो आणि विझतो. तो विझल्यावर मीटरने शून्य बघायचं, मगच हात घालायचा. तो होल्डर अजून माझ्या खिळ्याला लटकतो, बल्ब मात्र बरेच बदलले.

मोहल्ल्यात कॉम्प्युटर आले तसे मॉनिटर दुरुस्तीला यायला लागले. आधी काचेचे, पाठीमागे कुबड असलेले. त्यांच्यात कंडेन्सर सुकला की चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसायचं, पाण्यात हलल्यासारखं हलायचं, कधी वरची पट्टी चादरीसारखी दुमडायची. रोग चित्रावर दिसायचा. मग चपटे एलसीडी आले. त्यांच्यात तसं दिसत नाही. एक तर लागतो, नाही तर लागत नाही. कधी दोन सेकंद लागून अंधार होतो. अशा वेळी पडद्यावर तिरकी बॅटरी मारायची. आत फिकट चित्र दिसलं तर पडदा जिवंत आहे, मागचा उजेड गेला आहे. त्या उजेडाच्या बारीक ट्यूबांना सुरू व्हायला हजार व्होल्टच्या वर लागतात. खालचा सप्लाय नीट नसला की आतलं संरक्षण त्या ट्यूबा लगेच बंद करतं.

याच सुमारास माझ्या डोळ्याला एक सवय लागली आणि पुढे तीच नडली. २००२-०३ च्या आसपास जगभर कंडेन्सर फुगायला लागले. मदरबोर्डवर रांगेने उभे असलेले, माथ्यावर इंग्रजी के अक्षरासारखी किंवा अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले कंडेन्सर. ती खाच मुद्दाम ठेवलेली असते, आत वायू झाला तर तिथून फाटावं म्हणून. त्या वेळी छापून आलं होतं की जपानी बनावटीच्या एका रसायनाचा नुस्खा कुणी तरी पळवला आणि तो तैवानच्या कारखान्यांपर्यंत अर्धवट पोचला. त्यात पाणी होतं, पण त्या पाण्यापासून ॲल्युमिनियमला वाचवणारी द्रव्यं नव्हती. पळवापळवीची कहाणी अगदी तशीच घडली की नाही ते राहू द्या. खराब रसायन मात्र खरं होतं. आत हायड्रोजन तयार व्हायचा, माथा भाकरीसारखा फुगायचा, तपकिरी चिकट पाणी बाहेर यायचं. दोन-तीन वर्षं मी दिवसाला चार-चार बोर्ड असे दुरुस्त केले. झाकण उघडायचं, फुगलेले शोधायचे, काढायचे, नवे लावायचे. विचारायची गरजच पडत नसे. पुढे झालं असं की फुगलेला दिसला नाही तर कंडेन्सर चांगला, असं माझ्या डोक्यात बसलं.

आता आपांकडे येतो. आमच्या गल्लीत लहान-थोर सगळे त्यांना आपाच म्हणतात. त्यांचे मियाँ यंत्रमागावर होते. माग बंद पडले, ते घरी बसले. आपा आधी मराठी टायपिंग शिकल्या, मग डीटीपी. शादीच्या पत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मदरशाच्या पावत्या, दुकानांची बिलं. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू अशी पत्रिका नीट जुळवून देणाऱ्या आमच्या भागात तेव्हा त्या एकट्याच. काचेच्या मॉनिटरसमोर डोळ्यांतून पाणी यायचं म्हणून २००६ साली भिशी लागल्यावर त्यांनी हा सतरा इंची चपटा मॉनिटर घेतला होता.

२०१० च्या डिसेंबरात एका सकाळी त्या मॉनिटर चादरीत गुंडाळून दुकानात आल्या. दहावीच्या सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचं काम होतं, शाळेने तारीख दिलेली होती.

"काय होतंय आपा?"

"सकाळी लागत नाही भाई. नुसता हिरवा दिवा लुकलुकतो, आतून टिक-टिक वाजतं. दुपारी बारा वाजून गेले की लागतो. आता आठ दिवस झाले, आम्ही त्याला गच्चीवर उन्हात ठेवतो अर्धा तास. मग लागतो."

मी हसलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्याकडे बघून हसलो. "आपा, हा मॉनिटर आहे की पापड?" तेही हसले. आपा हसल्या नाहीत.

त्या गेल्यावर मॉनिटर उघडला. सप्लायच्या बोर्डावरचे सगळे कंडेन्सर पाहिले, माथे सपाट. फ्यूज चांगला. मल्टिमीटर लावला तर बारा व्होल्टच्या ठिकाणी काटा नऊ आणि अकरामध्ये झुलत होता. मला वाटलं, पुढचा बोर्ड किंवा पॅनेल सप्लायला खाली खेचतंय. संध्याकाळी आपांना सांगितलं, मेन बोर्ड गेला आहे, पॅनेलचाही भरवसा नाही, यात पैसे घालू नका.

आणखी एक गोष्ट लिहिली नाही तर ही हकीकत अर्धी राहील. त्या दिवशी माझ्याकडे पुण्याच्या एका ऑफिसातून आलेला जुना मॉनिटर विकायला होता. २,८०० ला घेतलेला, ३,५०० ला द्यायचा होता. मी खोटं बोललो नाही. मला खरंच तसं वाटलं होतं. पण विकायचा माल समोर असला की तसं वाटायला फार वेळ लागत नाही. जुन्याचे दीडशे धरले, राहिले ३,३५०. आपांनी ते सात हप्त्यांत दिले. सहा पाचशेचे, शेवटचा साडेतीनशेचा. एकही तारीख चुकवली नाही.

मग मे २०१४. सोलापूरचा मे सोलापूरकरांनाच ठाऊक. दुपारचे तीन, बाहेर बेचाळीसच्या वर, पत्र्याखाली त्याहून जास्त. एका मॉनिटरला स्टँडचे स्क्रू हवे होते म्हणून वरच्या फळीवरचा तो जुना खाली काढला. का कोण जाणे, स्क्रू काढण्याआधी पिन लावली. हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. पडदा उजळला. सिग्नल नाही, केबल तपासा, अशी पाटी त्याच्यावर इकडून तिकडे फिरू लागली.

मी तसाच बघत बसलो. आधी आनंद झाला, हे खोटं कशाला सांगू? मग आपांचं वाक्य आठवलं. दुपारी बारा वाजून गेले की लागतो.

त्या रात्री तो दुकानातच उघड्या बोर्डासकट ठेवला. पहाटे, उजाडायच्या आत येऊन पिन लावली. लुकलुक आणि टिक-टिक. बराच वेळ तसंच. मग शेजारच्या सलूनवाल्याकडून केस वाळवायचा ड्रायर आणला. पुठ्ठ्याची पुंगळी करून त्याच्या तोंडाला लावली, म्हणजे गरम हवा एका वेळी एकाच कंडेन्सरवर जावी. पिन काढायची, एकाला मिनिटभर गरम करायचं, पिन लावून बघायची. मोठे तापवले, फारसा फरक नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एका बारक्याकडे वळलो. शेंगदाण्याएवढा, ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा, सप्लाय सुरू करणाऱ्या आयसीच्या बाजूला, आणि त्याला अगदी चिकटून एक तापणारा रेझिस्टर. तो गरम केला आणि पिन लावली. मॉनिटर लागला.

हे असं का होतं ते थोडं सांगतो. या कंडेन्सरच्या आत ॲल्युमिनियमच्या वर्खाच्या दोन पट्ट्या असतात आणि मध्ये रसायनात भिजलेला कागद. सगळं गुंडाळून डबीत घातलेलं, खाली रबराचं बूच. वर्षानुवर्षं उष्णता लागली की ते रसायन बुचातून हळूहळू उडून जातं. बारक्या डबीत रसायन मुळात थोडं, त्यामुळे ती लवकर सुकते. आणि इतक्या बारक्याच्या माथ्यावर बहुधा खाचही नसते. तो फुगत नाही, गळत नाही, उभा असतो तसाच उभा राहतो.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक घरावर टाकी आहे. समजा टाकी भरलेली आहे, पण खालच्या पाइपात गंज चढला आहे. तोटी सोडली तर करंगळीएवढी धार. साधा मीटर टाकीत पाणी किती ते सांगतो, पाइपातला गंज सांगत नाही. त्या गंजाला आमच्याकडे ईएसआर म्हणतात, म्हणजे कंडेन्सरच्या पोटातला रोध. थंडीत रसायन आणखी मंद होतं, गंज जणू दुप्पट होतो. आयसी सप्लाय सुरू करायला जाते, तिला लागणारा झटका मिळत नाही, ती बंद पडते, पुन्हा सुरू करायला जाते. तीच ती टिक-टिक. उन्हात ठेवलं की रसायन पातळ होतं, रोध उतरतो, आणि एकदा सुरू झालं की आतल्याच उष्णतेवर दिवसभर चालतं. आपा गच्चीवर करत होत्या तेच मी साडेतीन वर्षांनी पुठ्ठ्याची पुंगळी लावून केलं.

त्याच वर्षी मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ईएसआर मीटर मागवला होता. तो फार कमी व्होल्टचा पण वेगवान सिग्नल पाठवतो, त्यामुळे कंडेन्सर बोर्डावरून न काढताही तपासता येतो. अर्थात मोठा कंडेन्सर बल्बने रिकामा केल्यावरच. या बारक्यावर लावला तर वीस ओहमच्या वर. नवा असेल तर एखादा ओहम, फार तर थोडा जास्त. मग बारा व्होल्टच्या बाजूचे १,००० मायक्रोफॅरडचे तीन तपासले. एका ओहमचा शंभरावा-विसावा भाग दाखवायला हवा, तिथे दोघांनी एकाच्या वर दाखवला. माथे तिघांचेही सपाट.

कागदावर हिशेब केला. असल्या कंडेन्सरवर १०५ अंश लिहिलेलं असतं आणि कंपनी तेवढ्या उष्णतेत साधारण २,००० तासांची हमी देते. दर दहा अंश खाली आलं की आयुष्य अंदाजे दुप्पट. आमच्या उन्हाळ्यात बंद प्लास्टिकच्या आत, तापणाऱ्या रेझिस्टरजवळ ७५ अंश धरले तर १६,००० तास होतात. आपा रोज बारा तास बसायच्या. वर्षाचे तीनशे दिवस धरा, चार वर्षं. १४,४०० तास. म्हणजे मॉनिटर काही अवेळी गेला नव्हता. त्याला जे व्हायचं तेच झालं होतं आणि त्यावर औषध होतं. चारही कंडेन्सर बदलले. १०५ अंशाचे, कमी रोधाचे, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, पट्टी उणेच्या बाजूला आहे ना हे दोनदा बघून. सगळे मिळून ३८ रुपये.

दोन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. न सांगता निभलं असतं. मेलेल्या मॉनिटरचं भंगार माझं होतं, दीडशे दिले होते. दुकानात बसल्या बसल्या असा युक्तिवाद मी स्वतःशी केला, आणि समोर चाचांचा तो होल्डर लटकत होता. तिसऱ्या दिवशी असरनंतर मॉनिटर त्याच प्रकारे चादरीत गुंडाळला, खिशात ३,३५० रुपये घातले आणि आपांच्या घरी गेलो.

त्या कामात होत्या. माझ्याकडून घेतलेला मॉनिटर टेबलावर चालू होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बारका कंडेन्सर, ड्रायर, ३८ रुपये. त्यांनी माउस सोडला नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मी बोलली होती ना, दुपारी लागतो म्हणून?"

"हौ."

"तुम्ही हसला होता. ते दोघे पण."

मी पैसे काढून टेबलावर ठेवले. त्यांनी पैशांकडे पाहिलं आणि टेबलावरच्या मॉनिटरकडे बोट दाखवलं. "हा मी साडेतीन वर्षं वापरला. याच्यावर माझ्या पोरीची फी निघाली. वापरलेल्या वस्तूचे पैसे परत कसे घेऊ? नक्को. माझा जुना आहे तो द्या." मग उठून कपाटातला डबा काढला. "तुम्ही दिलेले दीडशे. अडतीस कंडेन्सरचे. मजुरी?"

"आपा, मजुरी कसली आता?"

"तेव्हा नीट केला असता तर किती घेतली असती?"

"दोनशे."

त्यांनी ३८८ रुपये मोजून माझ्या पैशांवर ठेवले आणि सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मी घ्यायला तयार नव्हतो. त्या म्हणाल्या, "मोफत दुरुस्तीची वस्तू मी पुन्हा कुणाकडे घेऊन जायची? घ्या." द्यायला गेलो होतो, घेऊन परत आलो. जिना उतरताना खिसा जड लागत होता. रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलं त्यांनी."

त्यानंतर मी काउंटरवर एक दोनशे पानी वही ठेवली. मॉनिटर असो की टीव्ही की सेट टॉप बॉक्स, आणणाऱ्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतो. कधी लागतो, कधी नाही, लागेपर्यंत किती वेळ, पावसाळ्यात कसा, इन्व्हर्टरवर कसा. दुकानात आता काम शिकणारा मुलगा आहे, तो कंटाळतो. काही वेळा लिहिलेल्याचा उपयोगही होत नाही, लोक भलतंच सांगतात. एकाने मॉनिटर फक्त शुक्रवारी बिघडतो म्हणून सांगितलं होतं. तेही लिहिलं. शुक्रवारी त्यांच्या वरच्या मजल्यावर पाण्याची मोटर चालायची, एवढं नंतर कळलं.

आपांच्या जुन्या मॉनिटरवर पुढे त्यांच्या मुलीने कॉलेजचं काम केलं. पत्रिकांचं काम मोबाइलने खाल्लं, तरी शाळांचं काम अजून आहे, आणि तो मॉनिटर अजून चालतो. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आपांचा फोन आला. "भाई, आता लागतो लगेच, पण सकाळी लालसर दिसतो. अर्ध्या तासाने पांढरा होतो."

मी वही ओढली, तारीख टाकली. "कडेला कुठे काळपट आहे का?"

"खाली, डाव्या कोपऱ्यात."

म्हणजे ट्यूबा म्हाताऱ्या झाल्या. हे कंडेन्सरचं दुखणं नव्हे, त्या ट्यूबाही आता सहज मिळत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. दुपारी येऊन बघतो म्हणालो.

"तोवर काय करू?" आपा म्हणाल्या. "उन्हात ठेवू?"

फोनमध्ये त्यांचं हसू ऐकू आलं.